सही माझी, शिक्का त्यांचा

११ मार्च, मंगळवार

माझं आयुष्य आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बदललं. नोंदणी कचेरीत सहा नंबरच्या खिडकीपुढे उभा होतो. हातात माझाच फोन, आणि फोनवरच्या गोल चौकटीत माझंच तोंड. फोन म्हणाला, डोळ्यांची उघडझाप करा. केली. डावीकडे वळा. वळलो. तोंड उघडा. उघडलं. खिडकीतली बाई न बघताच म्हणाली, "झालं. पुढचा."

आणि मी नुआनहे हीटर कंपनीचा कायदेशीर प्रतिनिधी झालो! वय बावीस, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, काल संध्याकाळपर्यंत याच कंपनीच्या गोदामात खोकी मोजत होतो. आणि आज परवान्यावर नाव माझं. मियाओ झेलिन. तीन वेळा वाचलं.

कंपनी खरी लो काकांची. म्हणजे शियाओमानच्या वडलांची. आजपर्यंत परवान्यावर फाटकावरच्या शेन आजोबांचं नाव होतं, आता त्यांचं वय झालं. काका म्हणाले, "घरच्यासारखा मुलगा हवा होता. बाहेरच्यावर कोण विश्वास ठेवतो?" घरच्यासारखा! हा शब्द मी दिवसभर चघळतोय.

फाईल घेऊन शियाओमान आली होती. कचेरीच्या पायऱ्यांवर थांबून हळूच म्हणाली, "ओळखपत्र घरी विसरलो म्हण ना."

मी खिशातून काढून तिच्या नाकासमोर नाचवलं. तिला वाटलं असेल मी घाबरेन. परत येताना गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. लाजली.

फाटकावर शेन आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. "सुटलो रे बाबा," म्हणाले. सिगारेटचं अख्खं पाकीट मला दिलं. म्हातारी माणसं भावुक होतात.

१४ मार्च

आईला सांगितलं. ती ठेल्यावर तांदळाच्या वड्या परतत होती. उलथनं तसंच हातात धरून बघत राहिली.

"कंपनीत काही झालं तर पकडणार कुणाला?"

"काही होणार कशाला?"

"झालं तर?"

"आई, तू ना, चांगलं काही झालं की त्यात खडा शोधतेस."

"दीड वर्षं कायदा शिकलास ना हांगचौला? त्यात काय लिहिलंय?"

खरं सांगायचं तर कंपनी कायदा तिसऱ्या वर्षाला होता. मी त्याआधीच बाहेर पडलो. वॉर्डनच्या अंगावर थर्मास फेकला असं सगळे सांगतात ते खोटं आहे, मी तो जमिनीवर फेकला होता. पण आईपुढे म्हटलं, "प्रतिनिधी म्हणजे कंपनीचं तोंड." ती म्हणाली, "थोबाडीत बसते ती तोंडावरच." आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

२ एप्रिल

काम असं आहे: सही मी करायची, शिक्का काकांनी मारायचा. शिक्का गोल, मध्ये चांदणी, कडेने कंपनीचं नाव. लाल शाईचा तो ठसा उमटला की कागदाला जीव येतो. बँक, बंदर, वीज कचेरी, सगळे आधी शिक्का बघतात, मग सही; बरेच जण सही बघतच नाहीत. काका तो कमरेला चामड्याच्या पाकिटात बांधून फिरतात. जेवताना, झोपताना, आणि मी स्वतः पाहिलंय, शौचाला जातानाही. म्हणतात, "तू हात, मी मूठ. दोघं मिळून एक माणूस."

आज पोलंडच्या गिऱ्हाइकाचं हमीपत्र आलं. बाहेरदेशची सगळी पत्रं शियाओमान बघते. ती पोलिश शिकलीय, चार वर्षं, पेइचिंगला. मी म्हटलं, काय लिहिलंय सांग. तिने एकेक ओळ भाषांतर करून वाचली, वर्गात वाचतात तशी, सावकाश. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबली.

"चाचणीला पाठवलेल्या नमुन्यात जे भाग आहेत तेच सगळ्या मालात आहेत, असं मी स्वतः तपासून सांगतो. मी स्वतः. म्हणजे तू. तपासलंस?"

"तू वाचलंस ना, मग झालं."

"मियाओ झेलिन, मी विचारलं, तू तपासलंस का?"

पूर्ण नावाने हाक मारली की ती फारच सुंदर दिसते. मी ऐटीत सही ठोकली. तिने फाईल अशी आपटली की काकांच्या चहाच्या कपावरचं झाकण उडालं. असा करारी स्वभाव दुसऱ्या कुणाचा असेल तर दाखवा.

२३ एप्रिल

आज पोलंडहून बातमी आली.

पोलंडमध्ये एका गावात आपला हीटर पेटला. एक म्हातारी एकटी राहायची. पडदा जळाला, खुर्ची जळाली, तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. गिऱ्हाइकाच्या कंपनीतला तो मारेक म्हणून आहे, त्याने फोटो पाठवलेत. शियाओमानने ते काकांच्या टेबलावर एकेक करून मांडले, पत्ते मांडतात तसे.

काका बघून म्हणाले, "हीटरवर टॉवेल वाळत घातला असेल म्हातारीने."

"टॉवेल घातला तरी हीटर बंद व्हायला हवा ना, बाबा? कट-आउट असतो कशाला?"

"तू पत्रं लिही. इंजिनियर होऊ नकोस." मग माझ्याकडे वळून, "तिकडचा कायदा तिकडे, इकडचा इकडे. मध्ये समुद्र आहे, झेलिन. केवढा मोठा समुद्र आहे!"

मी मान हलवली. हलवली खरी. पण रात्रभर तो हात डोळ्यांपुढून हलेल असं वाटत नाही.

२५ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत गोदामात कुणी नसताना तयार मालातला एक हीटर काढला, चालू केला आणि त्यावर माझं जाकीट टाकलं. हीटर फार तापला की कट-आउटने वीज तोडायची असते. मी मोबाईलवर मिनिटं मोजत बसलो. चार. सहा. आठव्या मिनिटाला धूर. नवव्याला जाकिटाची बाही पेटली. माझं एकुलतं एक बरं जाकीट.

विझवलं आणि हीटर उघडला. कट-आउट होता. दिसायला अगदी तसाच, तोच रंग, तोच आकडा. फोडला तर आत काहीच नाही. नुसतं प्लास्टिकचं टरफल. नमुन्याच्या कपाटातला हीटर फोडला. त्यातला खरा.

तळपायाची आग मस्तकात गेली. जळकी बाही हातात घेऊन काकांच्या केबिनमध्ये शिरलो आणि ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही. 'म्हातारीचा हात' एवढं दहा वेळा म्हटलं असेन.

काकांनी ओरडू दिलं. मग खुर्ची पुढे सरकवली. "बस. चहा घे. जाकीट नवं घेऊ. हे बघ, मागच्या वर्षी गिऱ्हाईक म्हणालं भाव कमी करा नाहीतर व्हिएतनामला जातो. कारखान्यात त्रेसष्ट माणसं आहेत. मी काय करायचं, त्यांना घरी पाठवायचं? पुढच्या वर्षीपासून खरे बसवू. शब्द देतो." त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. मग म्हणाले, "शियाओमानच्या आईशी बोललोय मी. ड्रॅगन बोटच्या सणाला हंस घेऊन ये घरी."

हंस!

आमच्याकडे ड्रॅगन बोटच्या सणाला होणारा जावई मुलीच्या घरी हंस घेऊन जातो. बापाने हंस ठेवून घेतला की ठरलं.

मी जळकी बाही खिशात कोंबली. चहा प्यायलो. पुढच्या वर्षी खरे बसवणारच आहेत.

६ मे

वाईट. फार वाईट. शियाओमान त्या मारेकला लिहिते.

काम म्हणून नाही. कामाची पत्रं टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून जातात. ही स्वतःच्या फोनवरून लिहीत होती, गोदामाच्या मागे उभी राहून, भलं मोठं पत्र, सोबत फोटोसुद्धा. मी जवळ गेलो तर फोन छातीशी धरला.

"कुणाला?"

"कुणाला नाही."

पण पडद्यावर मारेक हे नाव मी वाचलं होतं. चेहरा मी पाहिलाय त्याचा, मागच्या वर्षी आला होता. उंच, टकला, चाळिशीचा! माझं डोकं इतकं फिरलं की एका खोक्याला लाथ मारली. खोक्यात पंखे होते. अंगठा सुजलाय.

१० मे

पुढची खेप ठरली. पाच हजार दोनशे हीटर, निंगबो बंदरातून जहाज दहा जूनला. सगळ्यांत तीच टरफलं. मी विचारलं, "काका, पुढच्या वर्षी म्हणाला होतात." काका म्हणाले, "हे ह्या वर्षीचेच आहेत ना."

पाच हजार दोनशे. थंडी पडली की पोलंडमध्ये पाच हजार दोनशे घरांत लागणार. बंदराला थांबवा म्हणून पत्र पाठवलं तर थांबेल. पण पत्राला शिक्का हवा. आणि शिक्का काकांच्या कमरेला.

१७ मे

काका शनिवारी गावातल्या सार्वजनिक स्नानगृहात जातात. मीही गेलो. होणारा जावई सासऱ्याची पाठ चोळतो, यात संशय येण्यासारखं काय? म्हटलं, तिथे तरी कपडे काढतील.

कपडे काढले. शिक्का नाही सोडला! शिक्का प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवून गरम पाण्यात बसले, बाप्पासारखे. मी अर्धा तास पाठ चोळली. "जोर लाव, जोर लाव," म्हणत होते. निघताना मला म्हणाले, "आमच्याकडची पोरं आता कुठे अशी राहिलीत?"

मी चोर आहे की जावई, मलाच कळेना.

२० मे

वीस मे, आमच्याकडे प्रेमिकांचा दिवस. मी सकाळी सातला शियाओमानला मेसेज केला. ओळी नाही लिहिणार इथे, लाज वाटते. चार तास उत्तर नाही. अकरा वाजता आलं:

"तुझ्या नावाने नोटीस आलीय. बाजार देखरेख कचेरी. परवा नऊ वाजता. ओळखपत्र आण."

हसावं की रडावं.

२२ मे, गुरुवार

पाच तास होतो. तपास अधिकारी के बाई. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, गरम पाण्याची बाटली शेजारी. आवाज एकदाही चढवला नाही. वॉर्डनसारखी ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता आलं असतं.

टेबलावर फोटो ठेवले. फोडलेला कट-आउट, खरा आणि खोटा, शेजारी शेजारी. खाली प्रत्येक भागाचं नाव, चिनी आणि पोलिश, दोन्हीत सुबक लिहिलेलं.

"हे पोलंडच्या कचेरीकडून आलंय. तिथल्या गिऱ्हाइकाला कंपनीच्याच आतल्या माणसाने पाठवलं. कोण ते विचारत नाही. फक्त सांग, खरं आहे?"

मला एकदम उमगलं कुणाचं काम ते. शेन आजोबा! त्यांची नात शांघायला परदेशी भाषा शिकते. म्हाताऱ्याने तिच्याकडून लिहून घेतलं. गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. वरून कसे भोळे दिसतात!

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"तू प्रतिनिधी आहेस."

"नावापुरता."

"नाव तुझंच ना?" त्या म्हणाल्या. "पूर्वी असं होतं, माल समुद्रापार गेला की गेला. आता तिथे पडदा जळाला की इथे माझ्या टेबलावर कागद येतो. पुढची खेप कधी आहे?"

"माहीत नाही."

हे खोटं होतं. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. जबाब नऊ पानांचा. प्रत्येक पानावर सही आणि सहीवर अंगठा, लाल शाईत बुडवून. नऊ अंगठे. घरी येऊन तीनदा साबण लावला, नखाच्या कडेला अजून लाल आहे.

निघताना के बाई म्हणाल्या, "पुन्हा येशील तेव्हा तोंड घेऊन येऊ नकोस. उत्तर घेऊन ये."

३१ मे, ड्रॅगन बोटचा सण

हंस नेला.

आईने पहाटे उठून त्याच्या डोक्याला लाल रंग लावला, गळ्यात लाल दोरा बांधला. ती खूश नव्हती, पण रीत म्हणजे रीत. हंस चांगला सात किलोचा, पांढराशुभ्र आणि महाचिडका. स्कूटरवर दोन पायांमध्ये टोपलीत ठेवला होता. सिग्नलला त्याने शेजारच्या बाईच्या पिशवीतली कांद्याची पात खाल्ली. सगळा रस्ता हसत होता. "अरे, केसाळ पायांचा जावई चालला!" एक म्हातारा ओरडला. आमच्याकडे होणाऱ्या जावयाला तसंच म्हणतात. मी छाती काढून चाललो.

लो काकूंनी दार उघडलं आणि टाळ्या वाजवल्या. काकांनी दोन्ही हातांनी हंस घेतला. घेतला! शेजारपाजारचे बघत होते. पानात बांधलेला भात, खारवलेली अंडी, पिवळी दारू.

शियाओमान स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हंसाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एका हंसात विकलं गेलं," ती म्हणाली.

"काय?" काकूंनी विचारलं.

"बाजारात एका हंसाची काय किंमत आलीय आता, विचारत होते."

तिला वाटतं आपण तिला विकत घेतोय. मानी मुलगी आहे. मी सांगणार होतो की असं काही नाही, मी जीवसुद्धा देईन, पण ती वर निघून गेली आणि जेवायला खाली आली नाही. काका म्हणाले, "आमच्या घरातल्या बायका अशाच. लग्नानंतर सरळ होतात." काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी पटकन दुसरं अंडं घेतलं.

३ जून

काकांनी कागद दिला. टाईप केलेला, दोन पानं. वर माझं नाव. 'कट-आउट बदलण्याचा निर्णय मी, मियाओ झेलिन याने, कुणालाही न विचारता घेतला.'

"काका, हे—"

"ऐक आधी. तू पोरगा आहेस. कॉलेज सुटलेलं, पहिलीच चूक. समज देतील, थोडीफार शिक्षा होईल, सोडून देतील. मला नाही सोडणार. कारखाना बंद होईल. तुझीच सासुरवाडी बंद होईल, जावईबापू." खांदा दाबला. "दहा तारखेला जहाज सुटू दे. अकराला तू सही करून कचेरीत जा. वर शिक्का मी मारतो. पंधराला साखरपुडा."

फाटकावर शेन आजोबांना गाठलं. म्हटलं, आजोबा, मला सगळं माहीत आहे, घाबरू नका, तुमचं नाव घेणार नाही. त्यांना काही कळलंच नाही. कळलं नाही असं दाखवलं. मोठा पोचलेला माणूस.

"लो स्वतःच्या नावावर का घेत नाही, ते तरी माहीत आहे का तुला?" उलट मलाच विचारलं. "आधीची एक कंपनी होती त्याची. परवाना रद्द झाला. मग कायद्याने काही वर्षं प्रतिनिधी होताच येत नाही. म्हणून आधी मी. आता तू. चार वर्षं फोन वाजला की मला जुलाब व्हायचे, पोरा."

"मला का नाही सांगितलंत तेव्हा?"

आजोबांनी थोटूक बुटाखाली विझवलं. "सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण ज्या माणसाने जिवावर उदार होऊन पोलंडला फोटो पाठवले, त्याच्यावर किती रागवणार?

५ जून

शियाओमानने आज स्वतःहून बोलावलं. गोदामामागे. मी केस ओले करून गेलो.

"सही करू नकोस त्या कागदावर," ती म्हणाली. "आणि इथून जा. हांगचौला जा, कॉलेजचं अर्धं राहिलेलं पूर्ण कर. मी हात जोडते."

"मी गेलो की तू मोकळी, असंच ना?"

"काय?"

"मारेक!" तोंडातून निघून गेलं.

ती हसायला लागली, आणि हसता हसता भिंतीला टेकली, आणि तोंडावर हात ठेवला. "देवा," म्हणाली, "हा इतका मूर्ख आहे की याच्यावर चिडायचीही सोय नाही."

"तू माझ्याशी लग्न करणार होतीस का नाही, एवढं सांग."

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. "तू बाबांना हंस दिलास. मला कुणी काही विचारलं?"

रागाने निघून आलो. स्कूटर चालवत बांधापर्यंत गेलो. समुद्र चिखलासारखा करडा, ओहोटी होती. खूप वेळ बसलो. खरंय. मी तिला विचारलं नाही. मी तिला काहीच विचारलं नाही, एकदाही. आणि तिने विचारलेल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. 'तू तपासलंस का?'

८ जून

आईने डाळिंबी रंगाची यांगमेई फळं आणली, ह्या मोसमातली पहिली. मिठाच्या पाण्यात घातली. मी खाल्ली नाहीत. तिने कारण विचारलं नाही, बशी तशीच समोर ठेवली.

मग मी सगळं सांगितलं. म्हातारीचा हात, टरफलं, कागद, साखरपुडा. ती ऐकून घेऊन म्हणाली, "त्या पोलंडच्या बाईला कुणी आहे का?"

"एकटी राहायची."

"मग ती एका हाताने काय करत असेल रे?" एवढंच. आणि भांडी घासायला गेली.

परवा जहाज.

९ जून, सोमवार

नऊ वाजता कचेरी उघडली तेव्हा मी पायरीवर होतो. के बाई अजून बाटलीत पाणी भरत होत्या.

"उत्तर आणलंय," मी म्हटलं. "पण उपयोग नाही. जहाज उद्या आहे. बंदराला पत्र द्यायचं तर शिक्का लागेल, तो लो काकांच्या कमरेला आहे. मी चोरायचाही प्रयत्न केला. स्नानगृहात."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "शिक्का कोण मागतंय?"

"सगळेच मागतात."

"सवयीने मागतात. प्रतिनिधी कोण आहे? तू. कायद्याच्या दृष्टीने तू सही केलीस की कंपनीने केली. कोरा कागद घे आणि लिही."

तीन महिने मी त्या माणसाच्या कमरेकडे बघत होतो!

"कायदा शिकत होतास ना?" त्यांनी विचारलं.

"हे तिसऱ्या वर्षाला होतं."

त्या हसल्या नाहीत, पण बाटलीचं झाकण लावायला जरा जास्तच वेळ घेतला. मी हाताने लिहिलं. बंदराला: लॉट अमुक, पाच हजार दोनशे नग, चढवू नका. पोलंडच्या गिऱ्हाइकाला: आधीचा सगळा माल परत घ्या, लोकांना वापरू नका म्हणून सांगा, कट-आउट खोटे आहेत, मी स्वतः तपासलंय. 'मी स्वतः' लिहिताना पेन अडखळला. सही. अंगठा. के बाईंनी त्यावर कचेरीचं पत्र जोडून बंदराला फोन लावला. चाळीस मिनिटांनी उलट फोन आला. कंटेनर बाजूला काढला होता.

"तू नावापुरता होतास हे मी जबाबात लिहीन," त्या म्हणाल्या. "पण एप्रिलच्या हमीपत्रावर सही तुझीच आहे. शिक्षा तुलाही होईल. नोंद राहील. काही वर्षं कुठल्याच कंपनीचा प्रतिनिधी होता येणार नाही."

"थोडी जास्त वर्षं नाही का करता येणार?" मी म्हटलं. या वेळी त्या हसल्या.

तिथूनच घरी जाता आलं असतं. पण पाठीत वार करून पळणारा मी नाही. कारखान्यात गेलो.

केबिनमध्ये काका उभे होते, फोन कानाला. बंदरावरून कळलं होतं, आणि पोलंडहून ते नावं लिहिलेले फोटोही आले होते. शियाओमान कोपऱ्यातल्या टेबलाशी, हात कीबोर्डवर, पण बोटं हलत नव्हती. मी तो दोन पानी कागद काकांच्या टेबलावर ठेवला. बिनसहीचा.

"शिक्का माझ्याकडे आहे!" काका ओरडले आणि खरंच कमरेला हात लावून बघितलं. "शिक्क्याशिवाय कसं थांबवलंस?"

"सही केली."

"नुसती?"

"नुसती."

ते खाली बसले. एकदम म्हातारे दिसले. मला त्यांची पाठ आठवली, मऊ, तीळ असलेली, आणि क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी मान वर केली.

"पोलंडला फोटो कुणी पाठवले? तुझ्या डोक्यातून हे निघणार नाही. त्या भागांची पोलिशमध्ये नावं कुणी लिहिली?" त्यांचे डोळे खोलीभर फिरले आणि खिडकीबाहेर फाटकावर थांबले. "शेन. त्याची ती नात. चार वर्षं अन्न खाल्लं माझं. आज त्याचं सामान रस्त्यावर फेकतो, वर पोलिसात देतो. कंपनीची गुपितं परदेशी दिली म्हणून आत टाकतो त्याला. जन्मभर."

शियाओमान उठली. तिची खुर्ची मागे पडली. चेहरा पांढराफटक. "बाबा, ते—"

"तू मध्ये पडू नकोस!" मी ओरडलो.

"झेलिन, मला बोलू दे. ते फोटो—"

"गप्प बस म्हटलं ना! तुझा काही संबंध नाही!" बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला तुरुंगात घालणार, आणि ही बापाची समजूत घालत बसणार! माझ्या कानात नुसती सूं सूं होत होती. "मी पाठवले, काका. फोटो मी काढले, मारेकला मी पाठवले. नावं फोनवर शोधून लिहिली. शेन आजोबांना काही माहीत नाही. लिहून देऊ? सही करून देऊ? माझी सही चालते, आजच कळलंय मला."

काकांनी चहाचा कप फेकला. माझ्या खांद्यावरून गेला, भिंतीवर फुटला.

मी शियाओमानकडे बघितलं. शेवटचंच, म्हणून नीट बघितलं. एवढा राग मी कुणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता. डोळे भरून आले होते, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती जशी ह्या तीन महिन्यांत एकदाही बघितली नव्हती. तिच्या बापाला मी बुडवलं होतं. एक पाऊल माझ्याकडे आली. मला वाटलं थोबाडीत मारणार. मी हललो नाही.

"झेलिन," ती म्हणाली. नुसतं नाव. आडनाव नाही.

तिचं पुढचं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मी वळलो, बाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.